ममताची काच

ममता मुनेश्वरला नागपूरच्या प्रयोगशाळेत काम मिळालं ते तिच्या एम.एस्सी.मुळे, आणि टिकलं ते झेरॉक्सच्या दुकानामुळे. यवतमाळला कॉलेजात असताना दत्त चौकाजवळच्या एका दुकानात ती संध्याकाळी बसायची. प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये सुईनं शाई भरायची, वाळलेल्या शाईनं तुंबलेली छिद्रं कोमट पाण्यात धरून मोकळी करायची. काळी-निळी बोटं घेऊन खोलीवर परतायची आणि त्याच बोटांनी कणीक मळायची. हे काम पुढं कधी उपयोगी पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

नागपूरला डॉ. सुरभी मॅडमच्या हाताखाली ती लागली तेव्हा तिथंही प्रिंटरच होता, फक्त त्यात शाई नव्हती. शाईच्या जागी एका पांढऱ्या भुकटीचं पाणी होतं. टायटेनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगात असते तीच भुकटी, पण इतकी बारीक केलेली की पाण्यात मिसळल्यावर पातळ दुधासारखी दिसावी. प्रिंटर कागदावर अक्षरं उमटवतो तसे या दुधाचे थेंब काचेवर एकाला लागून एक टाकायचे आणि मग काच भट्टीत भाजायची. बाहेर काढल्यावर तिच्यावर काही लावलंय हे डोळ्यांना कळतही नसे. उन्हात ठेवली की मात्र ती काच कामाला लागे. तिच्यावर बसलेला धूर, तेलकटपणा, कसलाही चिकट थर ती उन्हाच्या जोरावर हळूहळू फोडून टाके. कुणी पाहायला आलं की ममता निळ्या रंगाचा थेंब काचेवर टाकून ती खिडकीत ठेवायची. चहा-गप्पा होईपर्यंत निळा रंग उडालेला असायचा, आणि पाहुणे काच हातात घेऊन उलटीपालटी करून बघायचे.

त्या काचेचा आणखी एक गुण होता. तिला ऊन लागलं की तिच्यावर पाण्याचे थेंब उभे राहत नसत. पाणी पसरून त्याचा एक पातळ पदर व्हायचा आणि त्यातून आरपार स्वच्छ दिसायचं. मोठ्या इमारतींच्या खिडक्या पावसानंच धुतल्या जाव्यात, यासाठी ते सगळं चाललेलं होतं. अशा उंच इमारतीत ममता कधी गेलीही नव्हती. तिचं घर चिंचधऱ्याला, कळंबहून आत जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, वर टिन, समोर मातीचा ओटा.

बाप ती शाळेत असतानाच गेला होता. माय सोनीबाई लोकांच्या वावरात निंदायला, वेचायला जायची. धाकटा भाऊ राजदीप दहावी पास झाला तेव्हा एकदा तिघं बसले होते, आणि त्यानंच सांगून टाकलं, "ताई, तू शिक. मी पाह्यतो घरचं." तो रागानं बोलला नाही की उपकार केल्यासारखंही नाही. दुसऱ्या दिवशी पंजाबरावच्या वावरात डवरणीला गेला. पुढं पाठीवर पंप आला, लग्न झालं, जया घरात आली. गावात फवारा मारायला राजदीपसारखा गडी नाही असं लोक म्हणायचे. भराभर चालायचा आणि एक झाड सोडायचा नाही.

दोन हजार सोळाच्या पोळ्याला ममता घरी आली तर राजदीप ओट्यावर डोळे मिटून बसलेला. पापण्या सुजल्या होत्या.

"डोयाले का झालं रे, राजू?"

"का होते? फवारा चालू हाय ना."

"अन् ते तोंडावरचं झाकण भेटलं होतं ना तुमाले? प्लास्टिकचं?"

राजदीप हसला. "भेटलं होतं. ते घातलं का आतून वाफ धरते, अन् बाहेरून औषध बसते. आंधयावाणी चालू का मी वावरात? धुरा दिसत नाई, साप दिसत नाई."

जया आतून म्हणाली, "कोंबडीच्या पिलाईले पाणी ठेवतो आम्ही त्याच्यात."

"मग डोये झोंबले तं का करतं तू?" ममतानं राजूला विचारलं.

"करतो का? पंप खाली ठेवतो अन् इहिरीवर जातो. डोये धुतो, तोंड धुतो, धुता धुता सारं आंगच धुतो. मंग बसतो झाडाखाली. पंजाबराव बोंबलते. बोंबलू दे."

ममता परतीच्या एसटीत बसली तेव्हा पाऊस होता. समोरच्या काचेवरून वायपर फिरत होता आणि तो गेला की मागे पुन्हा थेंब जमत होते. ती यवतमाळपर्यंत ते बघत राहिली. आपल्या काचेवर थेंब जमत नाही. आपल्या काचेवर बसलेलं औषध ऊन जाळून टाकेल. फक्त ती काच नको, प्लास्टिक हवं, वाकणारं आणि हलकं.

सुरभी मॅडमनी ऐकून घेतलं. त्या घाईनं हो म्हणणाऱ्या नव्हत्या आणि घाईनं नाही म्हणणाऱ्याही नव्हत्या.

"कल्पना चांगली आहे. पण काच भट्टीत भाजता येते. प्लास्टिक कसं भाजशील?"

"दिव्याखाली वाळवून बघू का, मॅडम?"

"बघ."

तो सगळा हिवाळा त्यात गेला. प्लास्टिकवर थेंब टाकला की तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा व्हायचा. मग प्लास्टिकच आधी तयार करून घ्यावं लागलं. थेंब पसरायला लागला तर वाळताना त्याची भुकटी कडेला जमून पांढऱ्या कड्या उमटायच्या, चहाच्या कपाचा डाग राहतो तशा. भुकटी बाटलीच्या तळाशी बसायची, छिद्रं तुंबायची. ममता बाटली हलवत राहायची, छिद्रं धुवत राहायची, आणि झेरॉक्सच्या दुकानाची तिला रोज आठवण यायची.

ते जमलं तर वेगळंच पुढं आलं. गच्चीवर उन्हात ठेवलेले प्लास्टिकचे पत्रे काही आठवड्यांत धुरकट झाले. बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागायची. मॅडम तो पत्रा उजेडाकडे धरून म्हणाल्या, "ही भुकटी घाण ओळखत नाही, ममता. तिला जे सापडेल ते ती फोडते. आपण तिला प्लास्टिकवर बसवलं, तर ती प्लास्टिकच खात बसली."

मग मध्ये एक पदर घालायचं ठरलं, वाळूच्याच जातीचा, काचेसारखा, जो या भुकटीला खाता येत नाही. आधी तो छापायचा, त्यावर ती. उन्हाळाभर पत्रे गच्चीवर तापत राहिले. मे महिना सरता सरता ममतानं एक पत्रा खाली आणला, तोंडाजवळ धरला आणि त्यावर फुंकर मारली. वाफ धरली नाही. पलीकडे मॅडमचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मॅडमनी तो तिच्या हातून घेतला, स्वतः फुंकर मारून पाहिली आणि पुन्हा मारली. दोघी हसायला लागल्या.

जुलैत ममता खोकं मांडीवर घेऊन गावी आली. आत कपाळाला पट्टा असलेली ती वाकडी, पारदर्शक झाकणं होती. जयानं चुलीवर भात ठेवला होता. ममतानं उकळत्या भाताच्या वाफेवर साधं झाकण धरलं, ते लगेच पांढरं झालं. मग आपलं धरलं. राजदीप वाकून त्यातून बघत म्हणाला, "माय, शितं दिसून राह्यले मले!"

गावानं त्याला काच म्हणायला सुरुवात केली. प्लास्टिकची असली तरी काचच. राजदीप, शेजारचा मारोती आणि आणखी काही गडी काच लावून वावरात जाऊ लागले. ममतानं सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, काच तोंडापुरती आहे. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करून फवारा, मध्ये मध्ये अंग धुवा. सगळे हाव म्हणाले. मारोती म्हणाला, "हातमोज्यात हात उकडते, ताई." तिनं तरीही घाला म्हटलं. तोही हाव म्हणाला.

पुढच्या आठवड्यात राजदीपचा फोन आला. त्याचा आवाज तिनं कितीतरी वर्षांत इतका मोकळा ऐकला नव्हता.

"ताई, डोये झोंबलेच नाई. दिवसभर. संध्याकायी काच पुसली का साफ. लोकं मागून राह्यले अजून."

सुरभी मॅडम एकदा गाडी घेऊन गावात आल्या, एकेका गड्याशी बोलल्या. डोळे झोंबतात का? नाही. पाणी येतं का? नाही. समोरचं दिसतं? चांगलं दिसतं. मॅडमनी सोनीबाईच्या हातचा चहा घेतला आणि जाताना ममताच्या पाठीवर हात ठेवला.

पंजाबराव स्वतः घरी आला. पन्नाशीचा, जाडजूड, स्वभावानं वाईट नसलेला माणूस. वावर मोठं, कापसाच्या पऱ्हाटीवर जीव, आणि दोन-तीन वर्षं अळीनं हैराण केलेला.

"ममता, तुह्या काचेनं भल्लं काम केलं वं. पह्यले दुपार झाली का गडी इहिरीवर. आता एकदा पंप उचलला का सांजलोक खाली ठेवत नाई."

ममताला ते ऐकून आनंद झाला. पंजाबराव उगीच कुणाची तारीफ करणाऱ्यातला नव्हता, आणि मुनेश्वरांच्या दारात उभं राहून तर त्यानं आजवर कधीच केली नव्हती. त्याच्या बोलण्यात काय आहे हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही. सोनीबाईच्याही आलं नाही, जयाच्याही नाही.

त्या साली पऱ्हाटी वेड्यासारखी वाढली. माणसाच्या डोक्यावर गेली. दोन ओळींत शिरलं की बाहेरचा वारा लागायचा नाही, दमट उकाडा आणि पानांचा ओला वास. अळी मरत नव्हती. दुकानदार सांगेल ते औषध, मग त्यात दुसरं, मग तिसरं, असं एका ड्रममध्ये कालवलं जात होतं. पूर्वी फवारा गुडघ्या-कमरेपर्यंत मारायचा असे, आता नळी वर धरून मारावी लागे, आणि वर मारलेलं खाली अंगावरच पडे. पंपाचं झाकण पाझरायचं. राजदीपचा सदरा मागून मानेपासून कमरेपर्यंत ओला असायचा. घाम की औषध, हे त्यालाही कळत नव्हतं. समोर मात्र काच स्वच्छ होती. पुढचं झाड, त्याच्या पुढचं झाड, पानाखालची अळी, सगळं दिसत होतं.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी ममता प्रिंटरपाशी असताना जयाचा फोन आला. जया कधी फोन करत नसे.

"ताई, तुमी या. याईले उलट्या होऊन राह्यल्या. तोंडातून लाळ येते. मारोतीभाऊनं बैलबंडीत टाकून आणलं."

"बंडी कायले? गाडी पाह्य लवकर! यवतमाळले ने!"

"पंजाबरावनं गाडी काढली. तुमी या."

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात वॉर्ड भरलेला होता. एका खाटेवर दोघं, काही खाली सतरंजीवर. दारव्ह्याकडचे, महागावकडचे, कुठले कुठले गडी. सगळ्यांच्या अंगाला फवाऱ्याच्या औषधाचा तोच वास. ममता त्या वासातून भावाला शोधत गेली. कुणाचे हात खाटेला बांधलेले होते, कारण ते हवेत काहीतरी झटकत होते. राजदीप भिंतीकडच्या खाटेवर सापडला. अंग घामानं निथळत होतं, दंडातलं मांस आपोआप फडफडत होतं. डोळे उघडे होते, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

तरुण डॉक्टरनं इंजेक्शनं दिली होती आणि पुन्हा देत होता. त्याच्याही डोळ्यांखाली काळं पडलेलं. "नातेवाईक कोण? किती वेळ फवारत होता हा?"

पंजाबराव दारात उभा होता. तो म्हणाला, "सकायपासून. रोजच मारते तो दिवसभर."

"मध्ये अंग धुतलं नाही?"



राजदीपला श्वास घेता येईना तेव्हा नळी घातली. काही दिवसांनी ती नळी निघाली तेव्हा सोनीबाईनं विहारात जाऊन मेणबत्ती लावली. बाहेर ऊन-पाऊस चालू होता आणि वॉर्डात नवीन माणसं येत होती. राजदीपला बोलता येऊ लागलं ते आधी जयाशी, मग मायशी. ममता जवळ गेली तेव्हा त्यानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण बोटं वळली नाहीत.

"ताई, मले समजलंच नाई," तो म्हणाला. "डोये झोंबले का मले समजे. आता बस झालं, चाल इहिरीवर. आता झोंबतच नोहते. मी म्हणलं, आज काई चढलं नाई. मारत गेलो."

तो तक्रार करत नव्हता. समजावून सांगत होता, जसा लहानपणी शाळेतून का उशीर झाला ते सांगायचा. ममतानं त्याच्या कपाळावरून हात फिरवला, "झोप आता" म्हणाली आणि वॉर्डाबाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. डोळे झोंबत होते म्हणून तो विहिरीवर जात होता. विहिरीवर जात होता म्हणून अंग धुतलं जात होतं. अंग धुतलं जात होतं म्हणून तो इतकी वर्षं जिवंत राहिला होता. आणि तिनं नेमकं ते झोंबणं काढून टाकलं होतं. काच तिनं म्हटली तशीच झाली होती. काचेत काही खोट नव्हती.

राजदीप जगला. त्या वॉर्डातले सगळे जगले नाहीत, म्हणून लोक त्याला नशीबवान म्हणत. घरी आल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या पायांतलं बळ जायला लागलं. आधी पावलं घसटत चालायचा, मग काठी आली. हात थरथरायचे, ताटातली भाकर तोडता येत नसे. डॉक्टर म्हणाले, या औषधांनी असं मागून येतं, थोडं सुधारेल, सगळं नाही. थोडंच सुधारलं.

जया वेचणीला जाऊ लागली. ती ममताशी भांडली नाही. ममता घरी आली की पाणी द्यायची, जेवायला वाढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. एकदा मात्र भांडी घासता घासता, मागं न बघता, म्हणाली, "तुमची काच नसती, तं आज हा माणूस पायावर उभा असता."

"हाव," ममता म्हणाली.

जयाला बहुधा दुसरं काही उत्तर अपेक्षित होतं. तिनं राख जोरात घासली.

सोनीबाई मात्र लेकीला समजवायची. "तुयं का चुकलं व? तू तं भल्यासाठी केलं." हे ऐकलं की ममताला जयाचं बोलणं बरं वाटायचं.

नागपूरला तिनं सुरभी मॅडमना सगळं सांगितलं.

"आपण लेप तपासला," त्या म्हणाल्या. "लेपानं काम केलं. डोळ्यांचा त्रास थांबला. हे सगळं खरंच आहे, ममता."

"मॅडम, मग जे झालं तेही खरंच आहे. तेही लिहा."

"ते लेपामुळे झालं असं सिद्ध करता येणार नाही."

"सिद्ध नका करू. झालं एवढं लिहा."

मॅडमनी लिहिलं. झाकण लावलेले मजूर जास्त वेळ फवारत राहिले आणि त्यांतला एक गंभीर आजारी पडला, असं स्पष्ट लिहिलं. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. पण अहवाल पाठवल्यावर झाकणांचं काम तिथंच थांबलं, आणि प्रिंटरवर सौरऊर्जेच्या काचा चढल्या. त्या काचांवर धूळ बसू नये म्हणून तीच भुकटी, तेच थेंब. ममताला त्या कामावर बोलावणं होतं, ती काम करत राहिली. घरात आता तिच्याच पगारावर चूल होती.

पुढल्या साली पाऊस लागला, पऱ्हाटी वाढली आणि गावातून फोन यायला लागले. मारोती पहिला.

"ताई, काचा पाठवजो दोन-तीन. माही फुटली."

"मारोतीभाऊ, राजूले पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं ना. म्हणूनच म्हणतो. बिनकाचेनं डोये जातीन अन् काचेनं जीव जाईन, असं सांगतं का मले? फवारा मारणं तं हायच. कोण्या बाजूनं जाऊ ते सांग."

उरलेल्या काचा कपाटात होत्या. त्या दिल्या तर काय होईल ते तिला माहीत होतं, आणि न दिल्या तर काय होईल तेही. आठवडाभर तिनं त्या तशाच ठेवल्या. मग खोकं बांधलं आणि घेऊन गेली, पण या वेळी देऊन परत आली नाही. फवाऱ्याच्या हंगामात तिनं साठवलेल्या सुट्ट्या काढल्या. मॅडमनी का म्हणून विचारलं नाही, सही केली.

दुपार झाली की ती वावरोवावर जायची. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभी राहून हाका मारायची. काचवाल्यांनी आता बाहेर यायचं, पंप उतरवायचा, विहिरीवर जायचं, सदरा बदलायचा. कपडे तिनं पिशवीत आणलेले असत. पहिल्या दिवशी दोघं आले. दुसऱ्या दिवशी एकही नाही. मजुरी किती पंप मारले त्यावर होती, बाहेर आलं की पंप कमी.

पंजाबराव बंडीवरून आला. "ममता, आमच्या कामात तू खोळंबा घालून राह्यली. वर्सभराचं पीक हाय हे. अळी तुह्यासाठी थांबन का?"

"राजू तुमच्याच वावरात पडला होता, काका."

पंजाबरावनं मान खाली घातली. "मले का सुख हाय का त्याचं? गाडी मीच काढली होती." मग बैल हाकता हाकता म्हणाला, "ड्रमभर पाणी ठेवतो धुऱ्यावर. बाकी गड्याईचं गडी पाह्यतीन."

पाण्याचा ड्रम आला. गडी मात्र येत नव्हते. ती शिकलेली, नागपूरची, काच देणारी ताई होती. तिच्या हाकेला ते हात वर करायचे आणि पुढच्या ओळीत शिरायचे. संध्याकाळी ती चिखलानं भरलेली घरी यायची. राजदीप ओट्यावरून विचारायचा, "किती आले?" ती सांगायची.

एका दुपारी ती निघाली तर जया मागं आली. हातात कपड्यांची पिशवी. ममतानं विचारलं, "वेचणी नाई का आज?"

"बोंडं फुटाची हायेत अजून," जया म्हणाली आणि पुढं चालू लागली.

दोघी धुऱ्यावर पोचल्या. ममतानं हाक मारली. आतून मारोतीचा आवाज आला, "आलो, ताई, अजून एक पंप!" तेव्हा जया तिच्या बाजूनं पुढं झाली आणि पऱ्हाटीत तोंड करून ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा असेल हे ममताला माहीत नव्हतं.

"मारोतीभाऊ! बाहेर निघा! तुमच्या बायकोले माह्यासारखं घास भरवा लागन मंग! निघा म्हणते ना!"

आतली फवाऱ्याची सळसळ थांबली. थोड्या वेळानं पानं हलली आणि मारोती बाहेर आला, काच कपाळावर सारून. त्याच्या मागं आणखी एक जण. जयानं मारोतीच्या पाठीवरचा पंप धरला आणि खाली उतरवला. ममतानं ड्रममधून पाणी काढून त्याच्या मानेवर ओतलं.

सगळे बाहेर आले नाहीत. पलीकडच्या वावरातून पंपाचा आवाज येतच होता, आणि ते वावर जयाच्या आवाजाच्या टप्प्यात नव्हतं. त्या साली गावातून एक गडी यवतमाळला न्यावा लागला. तो परत आला. पुढल्या वर्षी नेला तो आला नाही. त्यानं काच लावली होती की नाही, हे ममतानं विचारून घेतलं. लावली नव्हती. त्यानं तिचं मन हलकं झालं नाही.

ती अजून नागपूरलाच आहे. प्रिंटरची छिद्रं धुते, बाटल्या हलवते, काचा उन्हात ठेवते. ऑगस्ट लागला की सुट्टीचा अर्ज टाकते. गावी उतरली की जया तिला आधी सांगते, आज कोणाच्या वावरात फवारा आहे ते. दोघींत गोड बोलणं फारसं होत नाही. दुपारी पिशव्या उचलतात आणि निघतात. जया पुढं असते, कारण तिचंच ऐकतात.